ठिपक्यांआधी डोळे पाहा

वाचकाचे पत्र

महोदय, तीन वर्षांपूर्वी मी ॲपलूसा या ठिपकेदार जातीच्या घोड्यांची पैदास सुरू केली. माझ्याकडे अंगभर काळे ठिपके असलेला, ज्याला ‘लेपर्ड’ म्हणतात तसा एक घोडा आणि तीन घोड्या आहेत. त्यांपैकी दोन क्वार्टर हॉर्स जातीच्या, साध्या कुमैत (तांबूस-तपकिरी) रंगाच्या आहेत. तिसरी ॲपलूसा असून तिचा रंग वयाबरोबर पांढुरका होत गेला आहे. या हंगामात दोन्ही कुमैत घोड्यांना झालेली शिंगरे एकरंगी निघाली. ॲपलूसा घोडीला झालेली मादी मात्र जन्मतःच जवळजवळ पांढरी आहे. ती दिवसा नीट बागडते, पण अंधारून आले की बिचकते आणि पाण्याच्या टाकीवर धडकते. एकरंगी शिंगरांपैकी नराला मी प्रदर्शनासाठी भरपूर दाणा देत आहे. सहाव्या महिन्यात त्याच्या घोट्यांजवळ सूज दिसू लागली आहे. आता एक विक्रेता ‘फ्यूस्पॉट’ म्हणजे मोजक्याच ठिपक्यांचा घोडा देऊ करत असून त्याच्यापासून शंभर टक्के ठिपकेदार शिंगरे होतील अशी हमी देतो. तो घ्यावा का? आणि उत्तम शिंगरे हवी असतील तर नेमके कशाकडे लक्ष द्यावे?

— एक अश्वपालक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात घोड्याच्या खरेदीचा प्रश्न सर्वात ठळक आहे आणि पाण्याच्या टाकीवर धडकणारी शिंगी ओझरती आली आहे. मी मात्र तिच्यापासूनच सुरुवात करतो, कारण घोडा घ्यावा की नाही याचे उत्तर तिच्या डोळ्यांत आहे.

तुमच्या वर्णनावरून तिला जन्मजात रातांधळेपणा असण्याची शक्यता फार मोठी आहे. तो खुराकातील कमतरतेमुळे आलेला नाही, त्यामुळे जीवनसत्त्व अ पाजून तो जाणार नाही. मात्र तो वाढतही नाही. जन्माच्या वेळी जेवढा असतो तेवढाच आयुष्यभर राहतो आणि दिवसाची दृष्टी सहसा चांगली असते. ॲपलूसाच्या अंगावर ठिपके आणणारे जनुक आणि हा दोष या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. ‘लेपर्ड कॉम्प्लेक्स’ किंवा थोडक्यात ‘एलपी’ या नावाने ओळखला जाणारा बदल टीआरपीएम-१ नावाच्या जनुकात असतो. हे जनुक कातडीतील रंगपेशींत जसे काम करते, तसेच दृष्टिपटलातही करते. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींकडून पुढच्या पेशीकडे संदेश जाण्यासाठी त्याची गरज असते. आईकडून आणि वडिलांकडून अशा दोन्ही बाजूंनी एलपी आला, तर ती वाट बंद राहते. प्रकाश टिपला जातो, पण निरोप पुढे पोहोचत नाही. एकच प्रत असलेल्या घोड्याला रात्री नीट दिसते.

आता तुमच्या तिन्ही शिंगरांचा हिशेब आपोआप लागतो. तुमचा लेपर्ड घोडा एलपीची एकच प्रत बाळगतो. अंगभर ठळक ठिपके बहुधा एका प्रतीच्याच घोड्यावर दिसतात. कुमैत घोड्यांकडे ती नाही असे धरले, तर त्यांच्या प्रत्येक शिंगराला एलपी मिळण्याची शक्यता निम्मी आहे. दोनदा नाणे उडवावे आणि दोन्ही वेळा छाप पडावी, इतकेच तुमच्या बाबतीत घडले आहे. त्यात नराचाही दोष नाही आणि माद्यांचाही नाही. ॲपलूसा घोडीचे पांढुरके होणे हेही एलपीचेच लक्षण असावे. तिच्या नाकाचे हाड, कमरेची हाडे आणि कोपरे अशा उंचवट्यांवर मूळ गडद रंग टिकून राहिला असेल तर तो ‘व्हार्निश रोन’ समजावा. वयाने पांढरा होणाऱ्या ‘ग्रे’ घोड्यात असे गडद पट्टे उरत नाहीत. म्हणजे आईकडे एक आणि वडिलांकडे एक अशी प्रत होती, आणि या शिंगीला दोन्हीकडून ती मिळाली. अशा जोडीत चारांपैकी एका शिंगराबाबत असे घडण्याची शक्यता असते.

यात आणखी एका जनुकाचा हात असतो, त्याला पॅटर्न-वन म्हणतात. एलपी हा जणू दिवा लावणारा खटका आहे, तर पांढरा भाग किती पसरणार हे मुख्यतः पॅटर्न-वन आणि त्याच्यासारखे इतर घटक ठरवतात. एलपीची एक प्रत आणि पॅटर्न-वन असेल तर लेपर्ड. एलपीच्या दोन प्रती आणि पॅटर्न-वन असेल तर जवळजवळ पांढरा, अगदी मोजके ठिपके असलेला फ्यूस्पॉट. पॅटर्न-वन असूनही एलपी नसेल तर घोडा एकरंगीच दिसतो, म्हणून तुमच्या एकरंगी शिंगरांकडेही तो लपलेला असू शकतो.

या शिंगीची परीक्षा दोन मार्गांनी करता येते. शेपटीचे केस मुळांसकट उपटून जनुकीय प्रयोगशाळेकडे पाठवावेत, म्हणजे तिच्याकडे एलपीच्या किती प्रती आहेत ते निश्चित कळेल. आणि दृष्टिपटलाचा विद्युत आलेख काढला, तर रातांधळेपणावर शिक्कामोर्तब होईल. पहिली परीक्षा सोपी आहे आणि तुमच्या कामासाठी पुरेशी आहे. मात्र निकाल येईपर्यंत थांबू नका. आजपासूनच तिला अंधार पडण्यापूर्वी आत घ्या, तिच्या आवारातील टाकीची व गव्हाणीची जागा बदलू नका, कुंपणाला तार असेल तर ती काढून तिला दिसतील अशा रुंद आडव्या फळ्या लावा, आणि ठाणात रात्रभर मंद दिवा ठेवा. उजेडातून एकदम अंधारात नेल्यावर अशी जनावरे सर्वात जास्त घाबरतात. पुढे तिच्यावर स्वार होणाऱ्यालाही हे माहीत असले पाहिजे. विकायची झाल्यास खरेदीदाराला ते लेखी सांगा. हा दोष दडवून केलेला व्यवहार मला तरी फसवणूकच वाटतो, कारण संध्याकाळच्या रपेटीत त्याची किंमत माणसाच्या हाडांनी मोजावी लागू शकते.

रातांधळेपणापेक्षा मोठी काळजी वेगळीच आहे. डोळ्याच्या आतील दाह, ज्याला पशुवैद्य युव्हाइटिस म्हणतात, ॲपलूसात इतर जातींच्या तुलनेत कितीतरी अधिक आढळतो. १९९० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही जोखीम सुमारे आठपट दिसली होती. एलपीच्या दोन प्रती असलेल्या जनावरांत ती सर्वात जास्त असते, पण एक प्रत असलेलीही पूर्ण सुरक्षित नसतात. इतर घोड्यांत हा आजार डोळा लाल होणे, पाणी गळणे, उजेड सहन न होणे अशा झटक्यांनी येतो, म्हणून मालकाच्या लक्षात येतो. ॲपलूसात तो अनेकदा गाजावाजा न करता आतल्या आत डोळा पोखरतो, आणि मोतीबिंदू किंवा अंधत्व आल्यावरच कळतो. त्यामुळे तुमच्या पागेतील एलपी असलेल्या प्रत्येक घोड्याचे डोळे वर्षातून दोनदा उपकरणाने तपासून घेण्याचा नियम करा. कधी डोळा मिटलेला किंवा दुधाळ दिसला, तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा आणि कपाटात उरलेले मलम स्वतःहून घालू नका. बुबुळावर जखम असेल आणि मलमात स्टेरॉइड असेल, तर डोळा वाचण्याऐवजी जाण्याचीच शक्यता अधिक.

आता त्या फ्यूस्पॉट घोड्याकडे वळू. विक्रेत्याच्या हमीत अर्धे सत्य आहे. त्या घोड्याकडे एलपीच्या दोन प्रती असतील, म्हणजे त्याचे प्रत्येक शिंगरू एलपी घेऊनच जन्मेल. परंतु एलपी मिळणे म्हणजे ठळक ठिपके मिळणे नव्हे. त्याच्याकडे पॅटर्न-वनची एकच प्रत असेल, तर काही शिंगरांना केवळ पुठ्ठ्यावर थोडा पांढरा भाग येईल आणि काहींना तेवढेही न येता फक्त पुढे वयात आल्यावर रंग फिकट होईल. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून हमीच्या शब्दांऐवजी दोन्ही जनुकांच्या चाचणीचे अहवाल मागा.

असा घोडा वापरायचाच झाला, तर तुमच्या दोन कुमैत घोड्यांसाठी ती जोडी खरोखर चांगली आहे, कारण सर्व शिंगरांना एकच प्रत मिळेल आणि एकही रातांधळे निघणार नाही. त्याच घोड्याला व्हार्निश रोन घोडीवर चढवलेत, तर मात्र निम्मी शिंगरे या शिंगीसारखी असतील. त्या घोडीसाठी एलपी नसलेला, उत्तम बांध्याचा एकरंगी घोडा निवडा; निम्मी शिंगरे एकरंगी निघाली तरी चालतील. ठिपक्यांची संख्या वाढवण्यासाठी दोन प्रतींची जनावरे मुद्दाम पैदा करणे मला पटत नाही, आणि आज हा घोडा विकत घेऊ नका असेच मी सांगेन. तुमच्या घोड्यांची चाचणी झालेली नाही, त्याचे डोळे कोणी तपासलेले नाहीत, आणि तरुण घोड्याचे स्वच्छ डोळे फारसे काही सिद्ध करत नाहीत, कारण दाह पुष्कळदा उशिरा उघड होतो. त्याच्या आईवडिलांचे वय पंधराच्या पुढे गेले असेल तर त्यांचे डोळे कसे आहेत, हा प्रश्न विचारा. उत्तर देताना विक्रेता अडखळला, तर तेच उत्तर समजा.

ठिपक्यांआधी बांधा पाहावा, हे या जातीच्या इतिहासातही दिसते. अमेरिकेच्या वायव्य भागातील पलूस नदीच्या परिसरात नेझ पर्स या मूळनिवासी लोकांनी हे घोडे नावारूपाला आणले. शोधप्रवासी मेरिवेदर लुईस यांनी फेब्रुवारी १८०६ मध्ये त्या भागातील घोड्यांविषयी रोजनिशीत जी नोंद केली, तीत त्यांची उंची, बांधा, चपळाई आणि दम यांचे कौतुक आधी आहे आणि काहींच्या अंगावरच्या मोठ्या पांढऱ्या ठिपक्यांचा उल्लेख नंतर. नेझ पर्स पैदासकार कमअस्सल नरांचे खच्चीकरण करत असत. अमेरिकी सैन्याशी झालेल्या १८७७ च्या युद्धानंतर त्यांचे कळप विखुरले आणि १९३८ मध्ये ॲपलूसा हॉर्स क्लब स्थापन झाल्यावर उरलेल्या रक्ताची पद्धतशीर नोंद सुरू झाली. क्वार्टर हॉर्स, थरोब्रेड आणि अरबी या जातींशी संकर करण्यास क्लबची मान्यता आहे. परंतु बाहेरचे रक्त आले की त्याचे आजारही येतात. तुमच्या कुमैत घोड्या क्वार्टर हॉर्स असल्याने त्यांची वंशावळ पाहा. १९६९ मध्ये जन्मलेल्या इम्प्रेसिव्ह नावाच्या घोड्याच्या वंशात रक्तातील पोटॅशियम वाढून स्नायूंना झटके येण्याचा विकार पसरला आहे, आणि तो एका प्रतीनेही प्रकट होतो. त्याबरोबरच स्नायूंत साखर साठण्याचा विकार, कातडी सैल होऊन फाटण्याचा विकार आणि शिंगराचा जीव घेणारा ग्लायकोजेनचा विकार यांची चाचणी त्याच केसांतून एकत्र होते. ग्रे रंगाच्या घोड्याशी संकर मात्र टाळा, कारण आज दिसणारे सुंदर ठिपके काही वर्षांत त्या पांढऱ्यात बुडून जातात.

तुमच्या एकरंगी शिंगरांवर लगेच फुली मारू नका, हेही सांगून ठेवतो. नाकपुड्या, डोळ्यांभोवतीची व शेपटीखालची कातडी चितकबरी आहे का, डोळ्याच्या कडेला माणसासारखा पांढरा भाग दिसतो का आणि खुरांवर उभे पट्टे आहेत का ते पाहा. ही लक्षणे असतील तर एलपी आहे, आणि जन्माच्या वेळची लव झडल्यावर किंवा पुढच्या काही वर्षांत रंग पालटू शकतो.

नराच्या घोट्यांची सूज ही मात्र तातडीची बाब आहे. पुढून पाहिल्यावर घोट्याच्या वरचा भाग डमरूसारखा दिसत असेल, तर हाडाच्या वाढीच्या पट्टीचा दाह झाला असण्याची शक्यता आहे, आणि त्याचे कारण बहुधा तुमच्या तोबऱ्यातच आहे. सहा महिन्यांचे शिंगरू प्रौढ वजनाच्या सुमारे ४५ टक्क्यांवर आणि वर्षाचे झाल्यावर सुमारे ६५ टक्क्यांवर पोहोचते. इतक्या वेगाने वाढणाऱ्या हाडांवर पिष्टमय दाण्याचा भार टाकला की वजन पुढे पळते आणि सांधे मागे राहतात. आजच दाणा कमी करा, चांगले गवत मुबलक द्या, आणि प्रथिने व खनिजे दाण्याच्या राशीतून न देता संतुलित पूरक खुराकातून द्या. कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावे. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस फार असते, त्यामुळे रोज कोंडा घालणाऱ्याचा हा हिशेब हमखास बिघडतो. फासळ्या डोळ्यांना दिसू नयेत पण हाताला लागाव्यात, इतकेच मांस शिंगराच्या अंगावर पुरे. प्रदर्शनाच्या मैदानावर गुबगुबीत शिंगरू उठून दिसते हे खरे आहे, पण त्याच शिंगराला पुढे स्वार घेऊन धावायचे असते. पशुवैद्याकडून क्ष-किरण तपासणी करून घ्या आणि खूर समपातळीत कापून घ्या. एरवीही शिंगराचे खूर पहिल्या दोन महिन्यांतच नालबंदाला दाखवायला हवेत. पाय वाकडा असेल तर घोट्याजवळची वाढ लवकर थांबते आणि तो सुधारण्याची मुदत फार थोडी असते.

पुढच्या हंगामासाठी घोडीकडे आतापासून लक्ष द्या. घोडी दिवस मोठे होऊ लागल्यावर माजावर येते, तिचे चक्र साधारण २१ दिवसांचे असते आणि माज पाच ते सात दिवस टिकतो. बीज सुटते ते माज संपण्यापूर्वीच्या एक-दोन दिवसांत, म्हणून भरवण्याचा दिवस अंदाजाने ठरवू नये. भरवल्यानंतर १४ ते १६ दिवसांनी सोनोग्राफी अवश्य करून घ्या. हा खर्च अनेकांना अनाठायी वाटतो, पण जुळी गर्भधारणा घोडीत बहुधा गर्भपातातच संपते, आणि या मुदतीत पशुवैद्याला दोघांपैकी एक गर्भ काढून टाकता येतो. गाभणकाळ सरासरी ३४० दिवसांचा असला तरी ३२० ते ३६५ दिवसांपर्यंत काहीही स्वाभाविक मानतात. शेवटच्या तीन महिन्यांत खुराक हळूहळू वाढवा. पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात गर्भपात घडवणाऱ्या हर्पीस विषाणूची लस आणि विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी इतर लसींची पुनर्मात्रा द्या, म्हणजे तिच्या चिकात प्रतिपिंडे उतरतील. चरण्याच्या रानात टॉल फेस्क्यू गवत असेल तर शेवटचे दोन-तीन महिने घोडी तेथून हलवा; त्यातील बुरशीमुळे दूध आटते, गाभणकाळ लांबतो आणि जार जाड होते.

घोड्या बहुधा रात्रीच वितात आणि पाणमोट फुटल्यानंतर शिंगरू अर्ध्या तासात बाहेर यायला हवे. आधी दोन पुढचे पाय, एक किंचित पुढे, आणि त्यांवर टेकलेले नाक, हे योग्य चित्र. पांढुरक्या पारदर्शक पडद्याऐवजी लाल मखमलीसारखा पडदा दिसला तर पशुवैद्याची वाट पाहू नका. जार वेळेआधी सुटलेली असते आणि शिंगराचा प्राणवायू तुटत असतो, म्हणून तो पडदा तत्काळ फाडून शिंगरू बाहेर काढण्यास मदत करा आणि त्याच वेळी दुसऱ्याला फोन करायला सांगा. नंतरचा हिशेब सोपा आहे: शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत पिऊ लागावे आणि घोडीची जार तीन तासांत पडावी. पडलेली जार पसरून पूर्ण आहे की नाही ते पाहा. आत राहिलेला लहानसा तुकडाही घोडीचे खूर आणि जीव दोन्ही घेऊ शकतो.

चिकाबाबत मी थोडा हट्टी आहे. शिंगरू रक्तात प्रतिपिंडे न घेताच जन्मते, आणि आतड्यातून ती शोषण्याची ताकद पहिल्या दिवसातच संपते. म्हणून ‘पिते आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. पहिल्या दिवसात रक्ततपासणी करून प्रतिपिंडांचे प्रमाण डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमच्या वर आहे याची खात्री करा. ४०० च्या खाली असेल तर शिरेवाटे प्लाझ्मा देण्याचा निर्णय तासांत घ्यावा लागतो. नाळ सौम्य क्लोरहेक्सिडिनमध्ये बुडवा आणि पहिली काळी विष्ठा चोवीस तासांत पडली का ते पाहा. ॲपलूसाच्या शिंगराच्या बाबतीत या यादीत मी एक गोष्ट वाढवतो: पशुवैद्य पहिल्या तपासणीला आला असताना त्याच्याकडून डोळेही पाहून घ्या आणि केसांचा नमुना घेऊन ठेवा.

जंतांचे औषध दोन-तीन महिन्यांच्या वयात सुरू करावे. शिंगरांतील गोलकृमींनी आयव्हरमेक्टिनला दाद न देणे बऱ्याच ठिकाणी आढळते, म्हणून औषध पशुवैद्याला विचारून निवडा. स्वतःच्या लसी चार ते सहा महिन्यांच्या वयात सुरू होतात.

आता तुमच्या शिंगीचे दूध तोडायची वेळ आली आहे. नेहमीच्या पद्धतीने तिला आईपासून काढून नव्या ठाणात एकटीला कोंडू नका. ज्या आवाराची तिला सवय आहे तेथेच ती राहू द्या आणि आईला सकाळच्या उजेडात दुसरीकडे न्या. कुमैत घोडीची मादी शिंगरू तिच्यासोबत ठेवा, शक्य असल्यास त्या शिंगराच्या मोरखीला लहान घुंगरू बांधा, म्हणजे अंधारात तिला सोबतीण कोठे आहे ते ऐकू येईल. मोरखी मात्र अडकल्यास तुटेल अशी चामड्याची असावी.